दिगूकाकांची आतली जोगेश्वरी

दिगूकाका गावडे एटीएममध्ये शिरण्याआधी परवानगी मागतात.

बँकेची नाही, जागेची. हायवेलगतच्या आमच्या एटीएमच्या काचेच्या दाराबाहेर चपला काढायच्या, हात जोडायचे आणि आतल्या थंड हवेला सांगायचं, "बा म्हाराजा, जरा काम हा. येतंय हां आत." मग थोडं थांबायचं. कशासाठी? तर उत्तरासाठी. मागे रांग उन्हात उभी, शिव्या ओठांपर्यंत आलेल्या. एकदा एक गृहस्थ ओरडला, "ओ काका, मशीन आहे ते, देऊळ नाही!" काका वळले आणि शांतपणे म्हणाले, "मशीन कंपनीचा. जागो कोणाचो?"

त्या दिवशी मशीननं सगळ्यांची कार्डं परत केली आणि पैसे कुणालाच दिले नाहीत. "बघा," काका रांगेला म्हणाले, "तुमी कोणी विचारलात नाय."

त्या रांगेत मी होते. खांद्यावरच्या झोळीत पत्रकांचा गठ्ठा होता. आमचा गट छोटा आहे आणि आमच्या पत्रकांची अक्षरं मोठी. त्या महिन्याचा मथळा होता, 'जोगेश्वरीच्या मोकळ्या जागा कोण गिळतंय?' काकांना बघून माझ्या मनात पहिला विचार आला: अंधश्रद्धा. दुसरा आला: हा माणूस आपल्याच सोसायटीत सी विंगला राहतो आणि विहिरीच्या पत्रकावर याची सही अजून घेतलेली नाही.

आता विहिरीचं सांगायला हवं. आमची सोसायटी म्हणजे जोगेश्वरी पूर्वेला तीन-तीन मजल्यांच्या तीन इमारती आणि मधोमध एक जुनी विहीर. गिरण्या गेल्यावर लालबाग-परळ सोडून आलेली बहुतेक सगळी कोकणातली कुटुंबं. भिंतींना ओल, जिन्यांचे गज बाहेर आलेले आणि लिफ्टचा पत्ता नाही. साहजिकच बिल्डर आला. त्याच्या नकाशात आमच्या जागी एक काचेचा टॉवर होता, परदेशातल्या कुठल्यातरी गावाचं नाव दिलेला, आणि विहिरीच्या जागी होता पार्किंगमध्ये उतरणारा रॅम्प. म्हणजे जिथे पाणी वर यायचं, तिथे गाड्या खाली जाणार. याला विकास म्हणतात.

सही घ्यायला मी सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेले, रविवारी दुपारी. दार उघडंच होतं. आतून ठण्ण असा आवाज आला, मग एक बाई ओरडली, "मेलीस! पडलीस खाली!" आणि लगेच खालच्या मजल्यावरून कुणीतरी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

"खालचो नाराज हा," दिगूकाकांचा आवाज आला. "हेमा, खालच्याक काय देतंस?"

"देते कशाला? त्याच्याकडूनच तुमची मेंटेनन्सची पावती यायचीय."

खालचा म्हणजे आमचे सेक्रेटरी केळुसकर. ठण्ण झालं तो फासा होता. दिगूकाका साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. तिथल्या मालकाचा मुलगा परदेशी गेला आणि जाताना एक खोका टाकून गेला. त्यात एक इंग्रजी खेळ होता: एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायची, आणि तलवार लागली की चुकली ते फाशानं ठरवायचं. जगाच्या पलीकडे आत्म्यांचं एक जग, त्यात शक्तीची ठिकाणं, आणि त्या ठिकाणांचं मन जिंकेल तो मोठा. काकांनी शब्दकोश घेऊन ते पुस्तक अख्खं वाचलं. पुस्तकात बर्फाचे डोंगर, दगडी मनोरे, टोकदार कानांची उंच माणसं. "ह्यातलो एक तरी साकीनाक्याच्या सिग्नलाक उभो रवात काय?" असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि स्वतःचा खेळ रचला. खोक्यातला प्लॅस्टिकचा फासा त्यांना हलका वाटला, म्हणून लेथवर वीस बाजूंचा पितळी फासा काढला. तो एवढा जड झाला की टेबलावरून घरंगळला तर लादीला टवका उडतो.

खेळाचं नाव 'आतली जोगेश्वरी'. काकांचं म्हणणं असं की आपली उपनगरं आहेत तशीच ती आतूनही आहेत, आणि आतल्या बाजूला प्रत्येक जागेचा एक राखणदार बसलेला आहे. ज्या जागेचा राखणदार जागा, ते 'ठाणं'. ठाण्याला खूश केलं तर ते बळ देतं. साकीनाक्याच्या चौकात दोन सिग्नलच्या मध्ये जन्मलेला एक जीव राहतो, त्यानं आयुष्यात हिरवा दिवा पाहिलेला नाही. त्याच्यासाठी थोडी शांतता घेऊन गेलात तर तो तुमच्यासाठी वेळ थांबवतो. जुहूला एक म्हातारी लाटांनी नेलेल्या चपला गोळा करते. तुमची हरवलेली जोडी तिच्याकडे सापडली तर ज्या दिवशी ती हरवली तो दिवसही परत मिळतो. घाटकोपरच्या टेकडीवरचा राखणदार चढून आलेल्याशीच बोलतो. रिक्षानं आलेल्याला तो दिसतच नाही.

मी दारात उभी राहून हे सगळं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, इथे खऱ्या जागा चालल्या आहेत हातच्या आणि तुम्ही खोट्या जागांचे खेळ खेळताय?"

"सही खय करूची?" त्यांनी विचारलं. सही केली. विहिरीच्या पत्रकावर सी विंगमधली पहिली सही त्यांची. मग म्हणाले, "आता बस. खेळ."

बसले. उठून जायला हवं होतं, पण हेमानं चहा पुढे केला होता. हेमा वेसाव्याची, स्टेशनबाहेर मासे विकते. खेळात ती योद्धा होती, पण लढाई तिनं क्वचितच केली. ती राखणदारांशी भाव करायची. "तीन वर देतोस म्हणतोस त्याचे दोनच दे, पण ताजे दे. रोजचं गिऱ्हाईक आहे मी."

खेळाचा एक नियम मात्र कडक होता, आणि तो काकांच्या पुस्तकातला नव्हता. ज्या ठाण्यावर तुम्हाला पुढच्या रविवारी खेळायचंय, त्या खऱ्या जागी तुम्ही आठवड्यात स्वतः जाऊन बसायचं. येताना तीन गोष्टी आणायच्या: एक वास, एक आवाज आणि तिथे कुणीतरी बोललेलं एक वाक्य. त्या टेबलावर सांगायच्या. काकांना काही विचारलं, आता डावीकडे जाऊ की उजवीकडे, लढू की पळू, तर उत्तर ठरलेलं: "माका नको, जाग्याक विचार."

आणि जागा बोलायची. कारण जागेचा आवाज शालूआत्या होत्या.

शालूआत्या ही काकांची थोरली बहीण. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. का नाहीत, याची गोष्ट सोसायटीत घरागणिक वेगळी आहे. आत्या अंधेरीच्या एका गारमेंट कंपनीत चेकर होत्या. वाकडी शिवण त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची. पुढे संधिवातानं गुडघे आखडले. वॉकर धरून खाटेपासून टेबलापर्यंत येत, त्यापुढे नाही. तीन मजले खाली उतरून कित्येक वर्षं झाली होती. खुर्चीत बसवून उचलून नेतो, असं सोसायटीतली पोरं म्हणायची, पण आत्या ऐकायच्या नाहीत. "मी काय गणपती आहे? मला वाजतगाजत नेताय कुठे, बुडवायला?"

तर सगळी ठाणी, सगळे राखणदार, चौकातला जीव आणि जुहूची म्हातारी, सगळे आत्याच. आणि त्या ठाण्यांना खोटं चालत नसे. माझा दुसरा रविवार होता. मला जुहू दिलं होतं आणि आठवडाभर आमचं आंदोलन चालू होतं, त्यामुळे जाणं राहिलं. मी ठोकून दिलं, "वास भज्यांचा. आवाज लाटांचा. आणि एक बाई म्हणाली, किती छान!"

आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण म्हणालं किती छान?"

"एक बाई."

"जुहूला कोणी किती छान म्हणत नाही, पोरी. जुहूला माणसं म्हणतात, 'पिशवी धर जरा', 'पोराला बघ' नाहीतर 'एवढ्याचे एवढे?' तू गेलीच नाहीस."

"ठाणां बंद," काका म्हणाले आणि माझं पात्र, झोळीतून वीज काढणारी एक संन्यासिनी, त्या रविवारी समुद्रात बुडून मेलं. हेमा एवढी हसली की खालून केळुसकरांनी दांडा ठोकला.

पुढच्या वेळी मी खरंच गेले. भिजलेल्या कणसाच्या सालींचा वास, फुग्यावर बोट घासल्याचा आवाज आणि एका मुलाचं वाक्य, "पप्पा, समुद्र बंद कधी होतो?" आत्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हातारीच्या आवाजात म्हणाल्या, "पुन्हा सांग. सालीचं." मी पुन्हा सांगितलं. "ओली होती का साल? की नुसती थंड?" मला आठवेना. "बघून ये," त्या म्हणाल्या.

या सगळ्यात सगळ्यात मोठं ठाणं होतं आमची विहीर. तिची राखणदारीण 'काठावरची'. ती कधी लढत नसे, वर देत नसे, शाप देत नसे. काका फासा टाकायचे, ठण्ण व्हायचं, आणि आत्या मान खाली घालून खोल आवाजात एकच विचारायच्या, "बाहेर काय चाललंय?" त्यावर खरं उत्तर द्यावं लागे. सुरमईचा दर, बी विंगमधल्या पोरीचं ठरलेलं लग्न, रस्त्याच्या कडेला पुन्हा खणलेला खड्डा, माझं आंदोलन, पोलिसानं मला काय म्हटलं आणि मी पोलिसाला काय म्हटलं. सगळं ऐकून झालं की काठावरची समाधानानं म्हणायची, "जा आता." आणि आम्हाला वाट मिळायची.

इथे नव्यानं राहायला आल्यावर आत्यांनी त्या विहिरीचं पाणी भरलं होतं. रोज पहाटे रहाटाला पहिला हात आपला, हे त्या अजूनही अभिमानानं सांगत.

माझी विहिरीची मोहीम मात्र जोरात होती, आणि तिच्यात एक गोची होती. माझ्या पत्रकात भूजल होतं, पाण्याची पातळी होती, नियम होते. ते कुणी वाचत नव्हतं. लोक विरोधाला उभे राहिले ते राखणदाराच्या भीतीनं. "विहीर बुजवलान तर घराण्याक लागतला," असं ए विंगचे आजोबा सांगायचे, आणि पटापट सह्या व्हायच्या. मी विज्ञानवादी. मला लाज वाटायची. पण सही ती सही. मी आजोबांच्या हातात आणखी एक कोरा कागद द्यायचे.

बिल्डरच्या प्रस्तावावर ठराव करायच्या सर्वसाधारण सभेच्या आधीच्या रविवारी खेळ जमला होता. मी काकांना म्हटलं, "सभेत तुम्ही बोला. तुमचं ऐकतात लोक. माझ्यासारखं भाषण नको, सरळ गाऱ्हाणंच घाला विहिरीला."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला, राखणदाराला मोठ्यानं सांगणं. कोकणातल्या कुठल्याही कार्यात एक जण सांगतो आणि प्रत्येक ओळीला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. काका घालायला लागले की रस्त्यावरचा रिक्षावालाही थांबून होय म्हणतो, एवढा त्यांचा आवाज.

काकांनी फासा उचलला आणि म्हणाले, "शालूताई, पुढचा ठाणां."

आत्यांनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाल्या, "पुढच्या खेळात मी ठाणं नाही."

"मग?"

"मी खेळणार. यांच्यासारखी."

हेमानं बशी खाली ठेवली. काका म्हणाले, "नियम म्हायती हा ना?"

"मलाच माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल? जागेवर जायचं. मी इतकी वर्षं यांच्याकडून उसने वास घेतेय, दिगू. कणसाची साल ओली की थंड हे यांना विचारावं लागतं. मला स्वतःला बघायचंय."

"उचलून नेतो ना आम्ही," मी म्हटलं.

"उचलून नेलेला माणूस खेळाडू नसतो, सामान असतो," आत्या म्हणाल्या. त्या दिवशी कुणी फासा टाकला नाही.

सभा विहिरीपाशीच भरली. मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बिल्डरच्या माणसाचा पडदा आणि पडद्यावर हिरवळीवर धावणारं एक परदेशी कुटुंब. मी बोलले. मुद्देसूद बोलले. टाळ्या दोन-तीन. मग दिगूकाका उठले, चपला काढल्या, विहिरीकडे तोंड केलं आणि हात जोडले. मांडवातल्या बायकांनी आपोआप डोक्यावर पदर घेतला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा!"

"होय म्हाराजा!" मांडव गरजला. बिल्डरचा माणूस दचकला.

"तुझ्या पाण्यार ही लेकरां वाढली, तुझ्या काठार भांडली, तुझ्यात कळशे पाडल्यानी..."

"होय म्हाराजा!"

"कोणी तुझ्यात निर्माल्य टाकल्यान, कोणी प्लॅस्टिक टाकल्यान, ता सगळा तू पोटात घातलंस..."

"होय म्हाराजा!" यात केळुसकरांचा आवाज सगळ्यात मोठा होता, आणि टाकणाऱ्यांत हातही त्यांचाच मोठा.

"आता ही लेकरां म्हातारी झाली. जिने चढूक जमणा नाय, उतरूक जमणा नाय. माणसां वर अडकान पडली..."

"होय म्हाराजा!" हा होय वेगळा होता. प्रत्येकाच्या घरात वर अडकलेलं कुणीतरी होतं.

मी खुर्चीतून अर्धी उठले. पण गाऱ्हाणं मध्येच थांबवता येत नाही. काकांचा आवाज जरा चिरका झाला.

"तेव्हा म्हाराजा, तू रागावल्याशिवाय हयसून उठ. तुका बरा वाटात त्या जाग्यार जावन रव. काय चुकला माकला आसात ता माफ कर, पोराबाळांका सांभाळ, आणि आमका निरोप दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळा मांडव बोलला. सह्या करणारे बोलले, ए विंगचे आजोबा बोलले. सवयच ती. लहानपणापासून त्या ओळीच्या शेवटी दुसरं काही म्हणायचं असतं हे कुणाला माहीतच नाही. माझ्या शेजारी बसलेले माझे वडील बोलले! आणि बोलून झाल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक सुटका दिसली. राखणदाराला विचारून झालं होतं, निरोप घेऊन झाला होता. आता भीती कसली?

बिल्डरच्या माणसानं केळुसकरांना हळूच विचारलं, "ये क्या हुआ? ठराव पास हुआ?"

"ठरावापेक्षा मोठं झालं, साहेब," केळुसकर डोळे पुसत म्हणाले.

मग हात वर झाले. विरोधात माझ्या घरचा एक हातसुद्धा नव्हता.

मी काकांना जिन्यात गाठलं. "काका, विकलीत तुम्ही विहीर!"

"निरोप घेतलंय."

"कुणाला विचारून?"

"जाग्यान होय म्हटल्यान."

"जागेनं नाही म्हटलं, काका! केळुसकरांनी म्हटलं!"

"ए पत्रकवाले, जीभ आवर," हेमा मागून म्हणाली. काका कठड्याला धरून उभे होते. पहिल्या मजल्यावरच त्यांना दम लागला होता. म्हणाले, "नवीन बिल्डिंगेत लिफ्ट हा, गो. तोपर्यंत भाड्याचो जागोय लिफ्टवालोच घेतलंय. तिका खेळूचा हा." आणि वर चढू लागले.

याच्यावर बोलण्यासारखं आहे, आणि ते मी आजही बोलते. म्हाताऱ्या बाईला घराबाहेर पडायला लिफ्ट हवी, हा हक्क आहे. विहीर राहायला हवी, हाही हक्क आहे. एक घ्या आणि दुसरं सोडा, अशी अट घालणारा कोण? दिगूकाकांसमोर ही निवड ठेवली कुणी? मी यावर पत्रक लिहिलं. छापून येईपर्यंत विहिरीभोवती हिरवे पत्रे लागले होते.

घरं खाली करायचा दिवस आला. आत्यांनी खुर्ची नाकारली. पहिल्या पायरीवर बसल्या आणि बसत बसत, एकेक पायरी सरकत उतरायला लागल्या. खालच्या बाजूला हेमा, वरच्या बाजूला काका, वॉकर माझ्या हातात. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दुसऱ्या मजल्यावर केळुसकरांनी दार उघडलं आणि बघत राहिले. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. "फासा जरा सांभाळून ठेवा नव्या जागी," एवढंच म्हणाले. मलाही त्यांच्यावर रागावता येईना.

खाली पोचल्यावर आत्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. "विहीर दाखवा."

बिल्डरचा वॉचमन पत्रा उघडू देईना. अशा माणसांशी बोलायचं शिक्षण मला आहे. तीन-चार वाक्यांत पत्रा वाकला. आत्यांनी फटीतून पाहिलं. विहीर काठोकाठ भरली होती: विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, कुणाचं तरी निळं बेसिन. पाणी नव्हतं, खोली नव्हती. नुसता एक गोल.

"एवढीशीच होती?" आत्या म्हणाल्या.

काका पत्र्याच्या अलीकडेच थांबले होते. त्यांनी आत पाहिलं नाही.

काका-आत्या मुलुंडला गेले, बाकीचे जिथे भाडं परवडलं तिथे. कोण बोरिवलीपलीकडे, कोण गावी. रविवार संपले. हेमाला वेसाव्याहून मुलुंड जमत नव्हतं. मासे नाही थांबत, ती म्हणायची. मी एक-दोनदा ठरवलं आणि राहिलं. राहूनच जातं. आमच्या जागेवर मोठा खड्डा खणून झाला आहे. टॉवर अजून पडद्यावरच आहे.

मागच्या महिन्यात मुलुंडला आमच्या गटाचं काम निघालं, तेव्हा गेले. उंच इमारत, चालू लिफ्ट, दाराला कुलूप. खालचा वॉचमन म्हणाला, "वो दोनो? रोज इसी टाइम नीचे जाते हैं. पीछेवाली गली में देखो."

मागच्या गल्लीत बघण्यासारखं काही नव्हतं. एका बंद कंपनीची लांब भिंत, रिक्षा स्टँड, एक ट्रान्सफॉर्मर, पेरूची हातगाडी. भिंतीजवळ चाकांच्या खुर्चीत शालूआत्या बसल्या होत्या. एकट्याच. आणि रस्त्याच्या या बाजूला, एका बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून, दिगूकाका उभे होते. शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"काका!"

"हळू," ते न वळता म्हणाले. आवाजावरून ओळखलं होतं मला. "खेळ चललो हा."

"मग असे पाठ करून का?"

"खेळाडू काय बघता ता आपण आधी बघूचा नाय. मगे ती घराक जावन सांगतली, तेच्यात मजा काय?"

"आणि राखणदार कोण होतं आता?"

"मीच." जरा थांबून म्हणाले, "माका जमणा नाय, गो. तिच्यासारखा खोटा पकडूक येणा नाय. ती काय सांगात ता माका खराच वाटता."

"सापडलं का ठाणं इथे?"

"खय? रोज येता, वास घेता, आयकता. रोज म्हणता, दिगू, हय काय नाय. कोरो जागो. आणि उद्या परत येवया म्हणता."

ऊन शटरवर तापलं होतं. काका एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते. हातात आत्यांची पाण्याची बाटली आणि दुमडलेली शाल. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती. मग त्यांना राहवेना. शटरकडेच बघत, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "काय बघता गो ती?"

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. रिक्षावाले भांडत होते, पेरूवाला चाकूनं फोडी करत होता, ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. आत्यांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. चष्मा नीट बसवून, हनुवटी वर करून, त्या एकटक काकांच्या पाठीकडे बघत होत्या.

मी सांगितलं नाही. ते घरी गेल्यावर आत्यांनी सांगायचं होतं.